कंपनीची टीम बंद झाल्यावर

भाऊजी, आम्ही नागपूर सोडलं तेव्हा तुम्ही कॉलेजात होता. तुमच्या दादांना पोहोचवायला अख्खा क्लब स्टेशनवर आला होता. दोघातिघांनी यांना उचलून घेतलं, पण सव्वासहा फुटांच्या माणसाचे पाय फलाटाला टेकतच राहिले. सगळे हसले. मामंजी हसले नाहीत. खिडकीतून पिशवी देताना म्हणाले, "कामही शिकून घेजो. नुसता खेळू नको."

बास्केटबॉल खेळण्यासाठी नोकरी मिळते, हे आपल्या घरात कोणाला नीट पटलंच नव्हतं. नवी मुंबईत पावणे गावाजवळच्या त्या कारखान्याच्या मालकांना खेळाचा नाद होता. त्यांनी यांना टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून घेतलं. सकाळी आठला मस्टरवर सही, जेवणापर्यंत टेबलाशी बसायचं आणि जेवणानंतर कंपनीच्या कोर्टवर सराव. टेबलावरचं काम शेजारचे पाटील उरकत. "नागपूरकर, तुम्ही बॉल टाका, आमी हजेऱ्या टाकतो," म्हणायचे. चेष्टाच होती, पण कंपन्यांच्या स्पर्धेत हे उतरले की सर्वांत मोठी शिट्टी पाटलांचीच.

वाशीत आम्ही दोन खोल्या घेतल्या. मी शाळेत मराठी शिकवू लागले. नागपूरच्या कोरड्या उन्हात वाढलेली मी, इथे खाडीच्या दमट हवेत माझ्या पुस्तकांना बुरशी यायची. रविवारी ती गॅलरीत मांडून बसायचे आणि हे शेजारी गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून.

दुसऱ्या वर्षी खात्याची परीक्षा आली. पास झालं की सीनियर क्लार्क. नेमकी त्याच दिवशी फायनल. यांनी मला विचारलं. दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसणारी बायको काय म्हणणार, हे त्यांनी धरलंच असावं. मी म्हणाले, "खेळा. परीक्षा पुढच्या वर्षीही आहे." यांनी तो सामना जिंकून दिला. पुढच्या वर्षीही सामना होता. मग खेळाडूंनी परीक्षेला बसायचं नसतं, असंच कंपनीत ठरून गेलं.

मालक वारले. मुलाने टीम बंद केली, कोर्टवर पत्र्याची शेड उभी राहिली. यांना चौतिसावं चालू होतं आणि उजवा गुडघा कामातून गेला होता. पाटील निवृत्त झाले होते. यांना ओव्हरटाइमचा साधा तक्ताही भरता येईना, तेव्हा स्टोअरमध्ये पाठवलं. तिथला सुपरवायझर पावणे गावातला, यांच्याहून दहा वर्षांनी लहान. स्वभावाने चांगला. "भाऊ, तू उंच हायस, शिडी कशाला? वरचा खोका काढ ना." दिवसभर तेच काम. हे घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवायचे, आम्ही हसायचो. काही महिन्यांनी नक्कल बंद झाली.

त्याच सुमारास मी नागपूरला आईंना पत्र लिहिलं की कंपनीने यांना कोच केलं आहे. यांनी ते वाचलं आणि पाकीट चिकटवून टाकलं. मग दर पत्रात पुढचं लिहावं लागलं. किती मुलं येतात, कोण कसा खेळतो. मी त्यांना नावंही दिली. हेमंत नावाचा एक मुलगा तर मी इतका रंगवला की आई त्याच्यासाठी लाडू पाठवू लागल्या. ते आम्हीच खाल्ले.

खोका काढतानाच यांचा गुडघा मुडपला आणि डोकं रॅकच्या कोपऱ्यावर आपटलं, त्यातच गेले. तुम्हाला तारेने कळवलं, कामावर पडले. कोर्टवर पडले असं तुम्ही सगळ्यांनी धरलंत. मी दुरुस्त केलं नाही.

नागपुरात तेराव्याला आईंनी मला जवळ बसवलं. "काहून गं, त्यानं शिकवलेलं एकही पोरगं नाही आलं?"

मी म्हणाले, "लांब पडतं, आई."

"मग तो हेमंत तरी येईल. त्याला तर वसंता लेकरासारखा जपे."

दुपारभर त्या दारात बसून होत्या. अंधार पडल्यावर आत येऊन म्हणाल्या, "नाही आला. बेइमान निघाला." जाईपर्यंत त्यांनी त्या मुलाला माफ केलं नाही, हे तुम्हीच मला कळवलंत. भाऊजी, हेमंत कधीच नव्हता. आईंच्या हयातीत हे सांगायची छाती झाली नाही. आता सांगून त्यांच्या मनातला राग निघणार नाही.

तुम्ही लिहिता, वहिनी, परत या, हेच तुमचं घर आहे. इथे माझं कोणी नाही, खरं आहे. बाजारात कधी तो सुपरवायझर भेटतो, "वयनी" म्हणून हातातली पिशवी घेतो, बसस्टॉपपर्यंत येतो. त्याने यांना रोज खोके उचलताना पाहिलं आहे. त्याच्यासमोर मला काही रचावं लागत नाही. घर म्हणून माझ्याकडे आता तेवढाच रस्ता उरला आहे, बाजारापासून बसस्टॉपपर्यंतचा. तुमच्या भिंतीवर कोच वसंतरावांचा फोटो आहे. त्यांच्याबरोबर मी कधी राहिलेच नाही.