माझी ओकची सवत

आधीच सांगते, मी या भानगडींतली नाही. सासूबाईंनी नव्या घराला बांधायला पाठवलेली काळी बाहुली अजून गराजमध्ये खोक्यातच पडलीय. त्यामुळे हे लिहिताना मला हसू यायला हवं... येत नाहीये.

आम्ही अमेरिकेत, नेपरव्हिलला राहतो. घरापासून चाळीस मिनिटांवर एक पब आहे — अस्सल इंग्लिश. कुणा हौशी माणसाने तो इंग्लंडमध्ये सुटा केला, एकेक तुळई जहाजाने इथे आणली आणि पुन्हा उभा केला. कुठला सांधा कुठे बसतो हे कळावं म्हणून जुन्या सुतारांनी छिन्नीने कोरलेले रोमन आकडे अजून दिसतात. माझा नवरा अनिरुद्ध स्ट्रक्चरल इंजिनिअर. गेल्या वर्षी तिथे जेवायला गेलो आणि माणूस कामातून गेला! दर शनिवारी टेप आणि वही घेऊन हजर.

"अगं, हात तर लाव, चारशे वर्षांपूर्वीचं ओकचं लाकूड आहे!" म्हणायचा आणि खांबावरून असा हात फिरवायचा... माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझ्या पाठीवरून असा हात कधी फिरला होता, आठवत नव्हतं. एखादी बाई असती तर मैत्रिणींना सांगता तरी आलं असतं. लाकडावर जळतेय हे कुणाला सांगणार? मनातल्या मनात मी त्या पबला सवत म्हणायचे.

मार्चमधल्या एका शनिवारी, भर दुपारी, मी मुद्दाम बरोबर गेले. आमच्या लग्नाचा वाढदिवस होता, साहेबांच्या गावीही नव्हतं. तो तुळया मोजत बसला, मी स्नगमध्ये शिरले. पूर्वी बायकांना चारचौघांत न दिसता बसता यावं म्हणून अशी इवलीशी खोली ठेवायचे. काउंटरच्या बाजूला फक्त एक सरकती खिडकी. मी भिंतीच्या फळीवर हात ठेवला आणि दातओठ खात म्हटलं, "सोड माझ्या नवऱ्याला. सगळाच्या सगळा परत दे."

खिडकी सर्रकन बंद झाली. मी उठून बघितलं — काउंटरपलीकडे कुणीही नव्हतं.

बाहेर आले तर अनिरुद्ध हातातल्या टेपकडे बघत उभा. "छान आहे गं ही जागा. आधी कधी आलो नाही ना आपण?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. ऑफिस, पासवर्ड्स, माझ्या आत्याच्या जावयाचं नावसुद्धा आठवतं. स्कॅन केले, सगळं नॉर्मल. फक्त तो पब पुसला गेलाय. स्वतःच्या अक्षरातल्या चार वह्या चाळून म्हणतो, "कुणाच्या या? चिकाटी आहे हं माणसाला."

आता शनिवारी तो घरीच असतो. भाजी चिरून देतो, माझ्याशेजारी सोफ्यावर बसतो. पण बोलताना डोळे कसे चमकायचे त्याचे... ते गेलं. विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो.

मागच्या आठवड्यात मी एकटीच तिथे गेले. म्हटलं, सांगून टाकावं — चुकलं माझं, त्याची हौस त्याला परत दे. स्नगमध्ये तासभर बसले. खिडकी उघडी होती. पण त्याचा तो खांबावरून फिरणारा हात डोळ्यांसमोर आला आणि पुन्हा तोच जळफळाट झाला.

त्याच्या डोक्यातून तो पब कसा पुसला गेला, मला आजही कळलेलं नाही. मी गुपचूप उठले आणि घरी आले. तो सोफ्यावर माझी वाट बघत बसला होता.