काओ पेइ-चुनच्या तीनशे बारा कोऱ्या चौकटी

काओ पेइ-चुन सकाळी पाच ते सात कादंबरीकार असायची आणि नऊ ते सहा प्रोग्रामर. ताइवानमधल्या तायचुंग शहरातल्या ज्या कंपनीत ती गोदामांसाठी सॉफ्टवेअर लिहायची, तिथे तिला एकोणीस वर्षं झाली होती. टोपणनावाने दोन कादंबऱ्या छापून आल्या, तरी ऑफिसात तिने अवाक्षर काढलं नाही. लिहिणाऱ्या बाईचं कामात लक्ष नसतं असं लोक धरून चालतात, ही तिची धास्ती. प्रकाशकाकडेही ती ‘नोकरी करते’ एवढंच सांगायची.

तिसरी कादंबरी मात्र तिने वडिलांच्या बोलीत लिहिली. अ-पांचं, म्हणजे वडिलांचं, सगळं आयुष्य बुदाईच्या किनाऱ्यावर माशांची तळी राखण्यात गेलं. ताइवानी बोली तोंडातून निघाली की शाळेत दंड व्हायचा, म्हणून पेइ-चुनच्या पिढीने ती घरापुरतीच ठेवली. पण तळ्याचं पाणी बिघडायला लागलं की त्याला जो रंग येतो, त्याला अ-पांकडे एक शब्द होता. हवेसाठी वर येऊन तोंड उघडणाऱ्या माशाला दुसरा. असे शब्द तिने चार वर्षं गोळा केले.

हस्तलिखित पोचलं आणि संपादक फान काकांचा फोन आला.

“अगं, हे काय पाठवलंयस? पानोपानी कोऱ्या चौकटी! मी काय वाचू, खिडक्या?”

चिनी लिपीत जवळजवळ प्रत्येक शब्दाला वेगळं अक्षर लागतं, आणि त्या बोलीतली कित्येक अक्षरं छापखान्याच्या संगणकात नव्हतीच. तीनशे बारा अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी उमटल्या होत्या.

“सरळ मँडरिन शब्द घाल,” काका म्हणाले. “लोकांना कळेल तरी.”

“कळेल हो काका. पण अ-पा तसं बोलत नाहीत.”

“मग अ-पांनाच सांग छापायला!”

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ चिडून बसली. मग तिच्या डोक्यात आलं, की अडलेली यंत्रं सरळ करणं हाच तर आपला रोजचा धंदा आहे. पुढे वर्षभर पहाटेच्या त्या दोन तासांत तिने कादंबरीची एक ओळही लिहिली नाही. एकेक अक्षर पडद्यावर रेखाटलं, ते टाइप करता येईल आणि छापखान्याला वाचता येईल असं सॉफ्टवेअर लिहिलं.

नवी पानं फान काकांनी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचली. शेवटी म्हणाले, “छापतो. फक्त हे सॉफ्टवेअर तुझंच आहे असा कागद आण.”

घोडं अडलं ते इथे. नोकरीच्या करारात स्पष्ट होतं, की नोकरीत असताना लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम कंपनीच्या मालकीचा. दोन आठवडे तिला जेवण गेलं नाही. अखेर एका सोमवारी तिने वेनबाईंच्या, म्हणजे साहेबांच्या, खोलीचं दार लोटलं आणि टोपणनावापासून सगळं एका दमात सांगून टाकलं.

वेनबाई चहा पीत ऐकत होत्या. “झालं?”

“हो मॅडम.”

“पेइ-चुन, तू कादंबऱ्या लिहितेस हे सहा वर्षांपासून सगळ्या मजल्याला माहीत आहे.”

“काय? कसं?”

“अगं, प्रोग्राममधल्या बगची, चुकीची, नोंद करताना कोण लिहितं, ‘ही पेटी शनिवारी दुपारी बाहेर पडते आणि घरचा रस्ता विसरते’? तुझं पुस्तक वाचलं आणि चौथ्या पानावर ओळखलं मी. तू सांगत नव्हतीस, म्हणून आम्ही विचारत नव्हतो.”

“आणि करार?”

“तो गोदामांसाठी आहे. तुझ्या वडिलांच्या शब्दांवर कंपनी कशाला हक्क सांगेल?” त्यांनी तिथल्या तिथे पत्र टाइप करून वर शिक्का मारला. “माझी आजीही तसंच बोलायची. मला ती बोली लिहिता येत नाही. ते सॉफ्टवेअर माझ्याही संगणकात घालून दे.”

पेइ-चुन जिन्यात जाऊन बसली. आधी हसू आलं, मग रडू, मग सपाटून भूक लागली. खाली जाऊन तिने नूडल्सचे दोन वाडगे संपवले.

पुस्तक तिच्या खऱ्या नावाने निघालं. ते सॉफ्टवेअर तिने सगळ्यांना फुकट दिलं. जिथे पूर्वी दंड व्हायचा त्या शाळांतले बोलीचे शिक्षक आणि देवळापुढे नाटकं करणाऱ्या मंडळ्या ते वापरू लागल्या. आता ती आठवड्यातून चारच दिवस ऑफिसला जाते, पाचव्या दिवशी उघडपणे लिहिते.

पहिली प्रत घेऊन ती गावी गेली, तेव्हा अ-पा माशाची पेज खात होते. आपलं बोलणं कागदावर येतं हे त्यांना पटेना. तिने वाचायला घेतलं. दुसऱ्याच पानावर त्यांनी चमचा आपटला.

“पाण्याचा रंग न बघता तळ्यात मासे सोडले? वेडाबिडा आहे का हा माणूस?”

“अ-पा, गोष्ट आहे ती.”

“गोष्ट असली म्हणून काय झालं? मासे मरतील ना! पुढे वाच, बघू काय करतो तो.”

पेज गार झाली, आणि पेइ-चुन वाचत राहिली.