दार दिसलं का थांबायचं

मी सातवीपर्यंतच शिकले, लिवायची सवय नाय, पन ही गोष्ट पोटात राहत नाय म्हनून सांगते. माजी आय गेली आनी मी दादूसला, म्हंजे माज्या मोठ्या भावाला, पनवेलला सासरी घेऊन आले. दाढीत पांढरे केस आलेत, पन समज जन्मापासून लहान पोराची. जोरात हसतो, कोनाच्याबी गळ्यात पडतो. सासू वाईट नाय, पन लोकांना घाबरायची. ती बोलली, "पालखी होऊन जाऊं दे गो, मंग याला लांब आश्रमात ठेवू. तू अंगावरची पोर बगशील का हा घोडा?" नवरा खाली मान घालून जेवत राहिला. मी नाय तर त्याला कोन हाय? देवीवरचा पन माजा भरवसा उडालेला.

दादूसचा एकच हट्ट, देवीची पालखी उचलायची. लोकं हसायची. आयनं मात्र त्याला अंगनात शिकवलेलं. खांद्यावर पाट द्यायची, पाटावर भरलेला तांब्या, आनी सांगायची, "पानी सांडायचं नाय. आनी दार दिसलं का थांबायचं."

पालखीच्या सकाळी मी गर्दीत उभी, कडेवर पोरगी, दुसऱ्या हातात दादूसचं मनगट, घट्ट. मनात म्हटलं, आये, माज्यानं आता होत नाय, तूच बग. तेवढ्यात ढोल कानाशीच वाजला, पोरगी किंचाळली, कडेवरनं घसरली, मी दोन्ही हातांनी तिला धरली आनी दादूसचा हात सुटला. वर बगते तर तो नाय! आनी तिकडं वळनावर, मच्छीच्या पाटीतनं सांडलेल्या पान्यात, पालखीचा पुढला गडी पाय घसरून पडला. पालखी कलली. बाया वरडल्या. आनी कललेली पालखी बगता बगता सरळ झाली. दांड्याखाली माजा दादूस!

"ए, सरक, तुला नाय जमायचं!" एकजन खेकसला. तर एक म्हातारी, डोक्यावर रिकामी पाटी, मी तिला कदी बगितली नवती, ती पुढं आली. "तुज्यानं जमलं का मेल्या? देवी सरळ झाली ना? चल मुकाट!" खेकसनारा मागं सरला. मंग मी तिला लय शोधली, कुठंच दिसली नाय. कोन होती ते मला इचारू नका.

दादूस चालला, इतका सावकास, का देवीचा गजरा हालला नाय. पन आयचं सांगनं डोक्यात! पालखी नेमाच्या जुन्या घरांपुढंच थांबते, हा तर दिसेल त्या दारात थांबाया लागला. सलून, मेडिकल, नव्या बिल्डिंगचं गेट. "अरं दादूस, सलून हाय ते!" पोरं हसली. तो बोलला, "दार हाय." आनी जागचा हलंना. सलूनवाला भैया साबनाच्या हातानं तसाच धावत आला, रडत पाया पडला. एवढी वर्षं हितं राहून त्याच्या दारात देवी कदी आली नवती. बिल्डिंगच्या वॉचमननं टोपी काढली. मंग कोनी हसलं नाय.

शेवटी आमचं दार. आमच्याकडं पालखी आली का खांदा देनाऱ्यांच्या पायावर पानी घालतात. सासू तांब्या घेऊन वाकली, वर बगितलं, तर दादूस. ती थांबली. मंग तिनं तांब्या वाकवला. पानी पडलं आनी तो खिदळाया लागला, "गार हाय, गार हाय!" पन खांदा जराबी हलला नाय. सासूनं त्याच्या वल्या पायावर हळदकुंकू लावलं, डोकं टेकलं, आनी उठून वरडली, "आमच्या घरचा खांदा हाय हा! बगताव काय, नारळ फोडा!"

मंग आश्रमाचं नाव परत निघालं नाय. आता कोनाची हळद असो, गनपतीचा मांडव असो, नायतर फ्रीज वर चढवायचा असो, गल्लीतनं हाक येते, "दादूस, खांदा दे रे!" तो एकटा जातो. दारोदारी थांबत उशिरा येतो, पन येतो. कोन चहा पाजतं, कोन वळनापर्यंत सोडतं. मी धरलाय म्हनून तो हाय, असं मला वाटायचं. माज्या हातातनं सुटला तवा देवीनं धरला, आनी तिच्या मागं सगळ्या गल्लीनं धरला. आजबी तो भायेर निघाला का भीती वाटते, माजा हात आपोआप त्याच्या मनगटाकडं जातो. मंग तोच हात मी मागं घेते, दुसऱ्या हाताला जोडते, आनी दारात उभी राहते.