चेंगोचं विष आणि थोयाचा रेडा

चेंगोच्या झोपडीकडून वारा आला की आम्ही वाट बदलायचो. बाणांच्या विषासाठी विषारी झाडाची लाकडं शिजत असली की तो दहा-दहा दिवस आंघोळ करत नसे, बायकोलाही जवळ येऊ देत नसे. नेमच होता त्याचा. त्याची बायको काचे म्हणायची, "नेम कसला? त्या वासात जाणार कोण?"

पण विष अस्सल. समुद्रकाठापासून त्साव्होच्या रानापर्यंत शिकारी त्याचेच बाण नेत.

आणि मग थोयाने घोळ घातला. त्याने रानरेड्याला बाण मारला, रेडा पळाला. दुसऱ्या दिवशी माडी पिताना थोया गरजला, "विष कसलं, मक्याची पेज! रेडा ढेकर देऊन गेला!" खोटं कशाला सांगू, ही बातमी चार गावं मीच फिरवली. महिनाभरात चेंगोकडे कुणी फिरकेना. चाळीस वर्षांचं नाव मातीत जायला आलं.

एका दुपारी चेंगो थेट माडीच्या बैठकीत आला. दंडावर सुरीने चीर पाडली. रक्ताचा ओघळ मनगटापर्यंत उतरू दिला आणि खालच्या टोकाला विष टेकवलं. रक्त काळं पडत जखमेकडे वर चढू लागलं; आत शिरलं की माणूस खलास. माडी ओढायच्या नळ्या तोंडात तशाच धरून आम्ही बघत राहिलो. काळं जखमेपासून दोन बोटांवर आलं, तेव्हा कुठे त्याने पानाने ते पुसलं.

"आणखी चढू देऊ, थोया? का तू येतोस?"

"मग रेडा का मेला नाही?" थोया मागे सरकत म्हणाला.

"बाण कुठाय?"

झुडपात पडलेला तो बाण थोयाने पुरावा म्हणून जपला होता. धावत जाऊन घेऊन आला. विष सुकू नये, कुणाला ओरखडा लागू नये म्हणून चेंगो टोकाला कातड्याची पट्टी गुंडाळतो. मारण्याआधी ती काढायची असते. पट्टी जशीच्या तशी होती, गाठीसकट.

माडी वाढणारी थोयाची बायको म्बोड्झे कपाळावर हात मारून म्हणाली, "लग्नाच्या रात्रीही हा कमरेचं न सोडताच घोरत पडला होता!"

हसून हसून माझी माडी नाकातून आली. चेंगो मात्र हसला नाही.

दुसऱ्या सकाळी त्याच्या दारात शिकाऱ्यांची रांग लागली. प्रत्येकाकडून त्याने साध्या काठीवरची पट्टी आपल्यासमोर सोडवून घेतली, मगच बाण दिले. थोयाकडून सात वेळा. तरीही बाण त्याने म्बोड्झेच्याच हातात ठेवले. म्हणाला, "पोरी, रानात याच्याबरोबर तू जा."