दोन बोटांची जागा

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या बनियनला पडलेलं भोकसुद्धा माझ्याआधी कळतं. दोन-तीनदा लिहायला बसलो होतो. एकदा चिलखताला तेल कसं लावायचं यावरच दीड पान भरलं आणि वही मिटून टाकली. म्हणजे बघा, पळवाट काढायची मला किती सवय आहे. आज पळायला लागलो तर तुम्ही ओळखालच.

मी कामतघरचा. शाळामास्तर होतो, आता निवृत्त. आमच्या गल्लीच्या टोकाला देवीचं छोटं देऊळ आहे आणि चैत्रात तिची पालखी निघते. सकाळी आठला निघते, धामणकर नाक्यापर्यंत जाते आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत देवळात परत येते. पालखीच्या पुढे सरदार चालतो. कोणे एके काळी कुण्या सरदाराने देवीला नवस केला होता म्हणे, त्याचं हे सोंग. सोंग म्हणायचं, पण चिलखत खरं — लोखंडी. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, भंगारातल्या पट्ट्या ठोकून कुणा जुन्या लोहाराने केलेलं. कापडाचे तागे तोलायच्या काट्यावर एकदा ठेवलं होतं, तर टोपासकट बावीस किलो भरलं. ते अंगावर घालून चार तास चालायचं. आणि एक नियम — सरदार बसत नाही. देवी परत देवळात जाईपर्यंत कुठे टेकायचं नाही, चिलखताची एक गाठसुद्धा सोडायची नाही.

नऊ वर्षं तो सरदार मी होतो.

तुम्ही मला पाहिलं असतंत तर हसला असतात. साडेपाच फूट उंची, वर्गात खडू मोडला तरी हात दुखणारा माणूस. पण चैत्रातल्या त्या एका दिवशी मी ताठ चालायचो, चेहऱ्यावर घाम सोडला तर काही दिसायचं नाही. बायका गॅलरीतून लेकरांना दाखवायच्या. लूमवरचे भय्ये शिफ्ट सोडून दारात येऊन उभे राहायचे. 'सरांमध्ये देवी येते,' असंही एक म्हातारी म्हणायची. मी नुसता हसायचो. नाही म्हणायचो नाही — का म्हणू?

देवी-बिवी काही नव्हती. कमरपट्टा होता.

पहिल्या वर्षी माझे खांदे असे सोलवटले होते की आठ दिवस फळ्यावर लिहिता येईना. तेव्हा मी विचार केला की हे सगळं ओझं खांद्यांवर का? माणसाचं कंबरेचं हाड कशासाठी आहे? मग लूमचा एक जुना चामड्याचा पट्टा मिळवला, नाक्यावरच्या चांभाराकडून तो रुंद, दुहेरी शिवून घेतला आणि त्याला चार आकडे लावले. चिलखताच्या आतल्या बाजूला चार कड्या बसवल्या. पट्टा कुडत्याच्या आत, हाडाच्या वर घट्ट आवळायचा, आकडे कुडत्याला पाडलेल्या फटींतून काढून कड्यांत अडकवायचे — झालं. चिलखत कंबरेवर बसतं, मांड्या ते पेलतात. खांद्यांचे बंद मग फक्त ते पुढे-मागे डोलू नये म्हणून. बंदाखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. सरकली तर समजायचं, ओझं योग्य जागी आहे. याशिवाय चिलखताखाली माझी आंगी — बायकोने चिंध्या भरून शिवलेली — आणि टोपाखाली ओला पंचा. एवढ्यावर मी नऊ वर्षं शूर होतो.

पट्ट्याचं मी कुणाला बोललो नाही. कुणी विचारलंही नव्हतं, म्हणून ते खोटं नव्हतं — असं तेव्हा वाटायचं.

दहाव्या वर्षी मंडळाच्या बैठकीत पोरांनी नाव काढलं, जानूचं. जानू आमच्या समोरच्या लूमच्या कारखान्यात तागे वाहायचा. वज्रेश्वरीच्या पलीकडे डोंगरात त्याचा पाडा, थोडी भातशेती, पावसाळ्यात गावी आणि एरवी इथे. तिशीचा असेल, बोलणं कमी. आदल्या वर्षी वळणावर पालखीचा एक भोई घसरला तेव्हा जानूने ती बाजू एकट्याने तोलून धरली होती. तेव्हापासून तो पोरांच्या मनात भरला होता. 'सर, आता तुम्ही जरा आराम करा,' अध्यक्ष म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तुम्हाला काय वाटतं, मला नुसतं मानाचं दुःख झालं? तेवढंच असतं तर हे सांगणं सोपं होतं. खरं हे, की सरदार आजवर आमच्याच चार-सहा घरांतला होत आला होता. कारकून, मास्तर, एक वकील. आणि आता पाड्यावरचा हमाल माझ्या जागी, माझं चिलखत घालून, माझ्यापेक्षा उंच, माझ्यापेक्षा देखणा. मला राग आला होता. स्वच्छ, कडवट राग. शाळेत मी समतेवर भाषणं द्यायचो, आणि ती चांगली व्हायची.

रीत अशी आहे की जुन्या सरदाराने नव्याला आपल्या हाताने चिलखत चढवायचं. आदल्या दिवशी बायकोने आंगी धुऊन, उन्हात वाळवून घडी घातली. मी चिलखत पुसलं, तेल लावलं. टोप घासला, तलवार घासली. सगळं एका चादरीत बांधलं. पट्टा मात्र कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सरकवला. अगदी सहज. मनाशी म्हटलं — ओझी वाहणारा माणूस आहे, याला काय होतंय? त्यांना सवयच असते. हे 'त्यांना' मी मनात किती सहज म्हटलं, ते आजही ऐकू येतं.

सकाळी देवळामागच्या खोलीत जानू उभा होता. अंघोळ करून, केस चापून बसवून, नवं पांढरं कुडतं घालून. त्याची बायको सोमी दारात उभी होती, पाड्यावरून पाच-सहा जण आले होते. मी त्याला आंगी घातली. चिलखत चढवलं. त्याने आतून हात फिरवला आणि त्या चार कड्या त्याच्या बोटांना लागल्या.

"सर, या कड्या कशाच्या? कंबरंला काय न्हाय बांधायचं?"

बघा, त्याला कळलं होतं. आयुष्यभर ओझं वाहिलेला माणूस, त्याला ओझ्याची अक्कल माझ्यापेक्षा जास्त होती. त्याने नेमका तोच प्रश्न विचारला. मला फक्त घरी जाऊन पट्टा आणायचा होता — देवळापासून आमचं घर किती, दोन मिनिटं.

"नाही," मी म्हणालो. "खांद्यांवरच पेलायचं असतं."

हे माझं खोटं. नऊ वर्षांत पहिलं सरळ खोटं. आणि मग मी खांद्यांचे बंद ओढले. कंबरेला आधार नसला की चिलखत खाली घसरतं, म्हणून ते आवळावेच लागतात. मी त्याच्या पाठीला गुडघा टेकून आवळले. बंद मांसात रुतले. दोन बोटं सोडाच, सुई गेली नसती. जानूने फक्त श्वास रोखून धरला. "बराबर हाय?" त्याने विचारलं. मी म्हणालो, बरोबर.

पहिला तास तो छान चालला. मी रीतीप्रमाणे त्याच्या बाजूने चालत होतो. दुसऱ्या तासाला त्याची मान पुढे आली. उजव्या हातातली तलवार त्याने डाव्या हातात घेतली, परत उजव्यात घेतली. मला कळलं. दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं, मला कळत होतं, कारण पहिल्या वर्षी माझेही हात असेच बधिर झाले होते — पण मी दर चौकात चिलखताखाली मनगटं घालून ते क्षणभर उचलून धरायचो. त्यालाही हे मी सांगू शकलो असतो. कानात. दोन शब्दांत. मी घड्याळ बघत होतो.

धामणकर नाक्यावर ऊन असं होतं की डांबर चपलांना चिकटत होतं. रिक्षा अडकल्या होत्या, हॉर्न वाजत होते, ताशा वाजत होता. सरबतवाल्याने जानूचा चेहरा पाहिला आणि गल्ल्यामागचं स्टूल ओढून रस्त्यात ठेवलं. "भाई, बैठ जाओ दो मिनट. पानी पियो." जानूने स्टुलाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

तो मला विचारत होता. मी जुना सरदार, माझा शब्द नियम. मी हो म्हटलं असतं तर कुणी हूं की चूं केलं नसतं.

मी मान हलवली — नाही.

तो निघाला. वीस पावलं गेला असेल, आणि तलवार त्याच्या हातातून गळून पडली. लोखंडाचा डांबरावर आवाज झाला आणि ताशा थांबला. तो वाकून उचलायला गेला, पण बोटं मिटेनात. सगळा नाका बघत होता आणि एक धिप्पाड माणूस खाली पडलेल्या तलवारीवर बोटं फिरवत होता, ती उचलली जात नव्हती. शेवटी सोमी गर्दीतून आली आणि तिने ती उचलून त्याच्या डाव्या हातात दिली. बायकोने सरदाराची तलवार उचलली — अपशकुन, अपशकुन, असं मागून कुजबुजणं सुरू झालं. तशीच पालखी परत आली. जानू बसला नाही. एकदाही नाही. हे मला सांगितलंच पाहिजे.

देवळाच्या पायरीवर मंडळाचे खजिनदार माझ्या कानाशी आले. "सर, सकाळी घेतली होती का हो त्याने?"

आता इथे माझ्याकडे किती शब्द होते! नाही, हा एक शब्द पुरला असता. सकाळी तोच शब्द मी खोटं बोलायला वापरला होता. खरं बोलायला मात्र तो तोंडातून फुटला नाही.

"कोण जाणे," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत होतं की जानू पिऊन आला होता. पाड्यावरचा माणूस, लगेच पटलं सगळ्यांना. तो थेंबाला शिवत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, खांद्यातली शीर दबली आहे. बोटं तीन-चार महिन्यांत हळूहळू परत चालू लागली. उजवा हात मात्र खांद्याच्या वर उचलला गेला नाही, आजही जात नाही. तागे वाहायचे तर डोक्यावर हात न्यावा लागतो. कारखान्यातलं काम सुटलं. सोमी एकटी भाताच्या लावणीला जाऊ लागली.

महिनाभराने तो माझ्या घरी आला. मला वाटलं, कळलं याला. बायकोने चहा ठेवला. तो खुर्चीच्या टोकावर बसला, उजवा हात मांडीवर ठेवलेला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"सर, माफी करा," तो म्हणाला. "तुमचा मान माझ्याच्यानं राखला न्हाय गेला."

आणि मी — नीट ऐका, सगळ्यात वाईट हे आहे, पट्टा लपवण्याहून वाईट, नाक्यावर मान हलवण्याहून वाईट — मी त्याला माफ केलं. "असू दे रे," म्हणालो. पाठीवर हात ठेवला. माझ्या मागच्या कपाटात, चार हातांवर, तो पट्टा होता. जानू डोळे पुसत गेला. बायको म्हणाली, किती मोठं मन आहे तुमचं.

पुढच्या वर्षी मंडळाने मलाच परत बोलावलं. मी एकदा नाही म्हणालो, दुसऱ्यांदा हो म्हणालो. घरून निघतानाच पट्टा कुडत्याखाली बांधून गेलो. रीतीप्रमाणे मला चिलखत चढवायला जुना सरदार हवा होता. म्हणजे जानू. तो येणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं. तो आला, पांढरं कुडतं घालून.

एका हाताने त्याने चिलखत माझ्या अंगावर चढवलं, दुसऱ्या हाताने जमेल तेवढं धरलं. आकडे मीच आत हात घालून गुपचूप कड्यांत अडकवले होते, त्याची पाठ वळली होती तेव्हा. मग तो खांद्यांचे बंद बांधू लागला. एक टोक दातात धरून गाठ मारली. आणि गाठ बसली का ते पाहायला त्याने बंदाखाली बोटं घातली.

बोटं सहज आत गेली. दोन. मग तिसरंही.

तो थांबला. त्याने पुन्हा बोटं सरकवली, पुढे-मागे. मग त्याचा हात चिलखतावरून खाली आला, माझ्या कंबरेशी, आणि कुडत्यावरून त्याने ते चामडं चाचपलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. हळू. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. खोलीत दहा-बारा माणसं होती. तो बोलला असता तर सगळ्यांनी ऐकलं असतं.

त्याने टोप उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. त्यासाठी त्याला डावाच हात वर करावा लागला.

"चला सर," तो म्हणाला. "पालखी खोळंबली."

त्यानंतर त्याने मला कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. मंडळाने पुढे फायबरचं हलकं चिलखत आणलं, जुनं आता देवळाच्या भिंतीवर टांगलेलं असतं. आतल्या चार कड्या अजून आहेत, हात घातला तर लागतात. पट्टा माझ्याकडे आहे. गल्लीत जानूचं नाव अजूनही निघतं, आणि ते कशावरून निघतं ते तुम्हाला आता माहीत आहे.

त्या दिवशी मी चारही तास चाललो. कुठेही टेकलो नाही. धामणकर नाक्यावर सरबतवाल्याने मला पाहिलं, पण स्टूल काढलं नाही. परत येताना गॅलरीतून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, सर अजून तसेच आहेत.