पोट वाजण्याचा शब्द

परवा फोनवर तुम्ही नातवंडांनी बॉर्बोरिग्मस या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारलात. पोटात हवा-पाणी सरकताना जी गुरगुर होते, ती. इंग्रज लोकही तो क्वचितच वापरतात, बहुधा थट्टेने. कॉलेजात असताना मीही तो मैत्रिणींवर मिरवला होता. गेल्या वर्षी नगरच्या दवाखान्यात तो पुन्हा कानावर आला.

तुमच्या आजोबांच्या आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन झालं, पण आतडी हलेनात. डॉक्टर छाती तपासायची नळी पोटावर ठेवून सहकाऱ्याला म्हणाले, "नो बॉर्बोरिग्मस." मग मला, "आजी, पोट वाजेपर्यंत थेंबही पाजू नका. संध्याकाळपर्यंत वाजलं नाही, तर पुन्हा उघडावं लागेल." आजोबांचं हृदय पहिल्याच ऑपरेशनने दमलं होतं. दुसरं झेपेल का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दुपारी पुणतांब्याहून त्यांची धाकटी बहीण आली. सोबत थोरले दीर, भावकीतले आणखी तिघे आणि थर्मासभर चहा. आपल्याकडे आजाऱ्याला काही पाजल्याशिवाय कुणी उठत नाही.

"घोटभर दे गं वैनी. व्हट बघ कसं सुकल्यात दादाचं."

"नको वन्सं. पोट वाजायचंय अजून."

"रिकामं पोट वाजंल कशानं? शिकलेल्या बाईनं नवरा उपाशी ठिवला म्हणत्याल लोकं."

सगळे हसले. आजोबा थर्मासकडेच बघत होते. मी तो उचलून माझ्या खुर्चीखाली ठेवला. मग ऊसतोड, कॅनॉलचं पाणी, कुणाची सोयरीक असं सुरू झालं. त्या गोंगाटात आजोबांचं पोट वाजलं असतं तरी मला ऐकू आलं नसतं. थोरल्या दिरांना मी कधी उलटून बोलले नव्हते.

"भाऊजी, गप्प बसा सगळे."

ते माझ्याकडे बघतच राहिले. पण खोली शांत झाली. वन्सं उठल्या. मला वाटलं, थर्मास घेणार. त्यांनी पदर कानामागे खोचला आणि वाकून पट्टीच्या बाजूला कान लावला. बराच वेळ त्या तिथून हलल्या नाहीत. त्यांची पाठ दुखत असणार.

"वाजलं," त्या तशाच वाकून म्हणाल्या. "लई बारीक. पन वाजलं."

मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नळी लावून ऐकलं आणि दोन चमचे पाणी द्यायला सांगितलं. चमचा मी वन्संच्या हातात दिला. चहा भाऊजींनी संपवला, गार झालेला.