लिफ्टच्या खोलीवरची लक्ष्मी

कलेत माणसाचं मन बदलण्याची ताकद असते, असं माझी थोरली बहीण आयुष्यभर सांगत आली. तिची हयात शाळेत चित्रकला शिकवण्यात गेली, त्यामुळे तिला तसं सांगणं भागच होतं.

इंदिरानगरातल्या आमच्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर राहते, मी दुसऱ्या. गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली आहे. तिच्या फुटक्या झरोक्यात त्या वर्षी पावसाळा सरताना घुबडाच्या जोडीने संसार मांडला आणि पिल्लं झाली. अंधार पडला की वरून कुणीतरी घसा खरवडत असल्यासारखा आवाज यायचा. त्याच सुमारास इमारतीत एका आजोबांचा पाय मोडला आणि एका मुलीचं जमत आलेलं लग्न मोडलं. दोन्ही घुबडांच्या खात्यावर जमा झालं. झरोक्याला जाळी ठोकायचं ठरलं.

पिल्लांना अजून उडता येत नव्हतं. जाळी लागली की आईबाप बाहेर आणि पिल्लं आत उपाशी. ताई हे सांगायला गेली तेव्हा चेअरमन, जे एकेकाळी तिचे विद्यार्थी होते, शांतपणे म्हणाले, "बाई, आपण त्यांना मारत थोडंच आहोत? नुसती जाळी लावतोय."

ताईने आधी सभ्य मार्ग धरला. शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये घुबडांच्या जलरंगातल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं. फीत कापायला आलेल्या पाहुण्यांनी निसर्ग हा आपला सखा असल्याचं बराच वेळ सांगितलं. लोकांनी तोंड भरून कौतुक केलं आणि तोंड भरून ढोकळा खाल्ला. एका वहिनींनी यातच मोर मिळेल का विचारलं, त्यांना हॉलसाठी हवा होता. आभार मानताना चेअरमननी सांगितलं की जाळीवाला सोमवारी येतोय.

खुर्च्या आवरताना मी ताईला म्हटलं, या इमारतीत आजवर एकाच कलाकृतीने लोकांचं वागणं बदललंय. आमच्या जिन्याच्या कोपऱ्यात देवाच्या चित्राची टाइल बसवली आहे. ती बसल्यापासून तिथे कुणी पानाची पिचकारी मारलेली नाही. देवाचा एक हात दुसऱ्यापेक्षा आखूड असल्यामुळे ताई तिच्यासमोरून मान फिरवूनच जाते.

"ती कला नाही रे," ती म्हणाली.

"पण कोपरा स्वच्छ आहे."

तिने चित्रं काखेत मारली आणि जिना चढून गेली. रविवारी सकाळी मात्र रंगाचे डबे घेऊन गच्चीवर गेली. संध्याकाळपर्यंत झरोक्याखालच्या भिंतीवर कमळ उमललं, कमळावर घुबड आणि घुबडावर लक्ष्मी. घुबड पिसापिसाने अचूक होतं. लक्ष्मी घाईत उरकलेली दिसत होती आणि तिचा एक हात, मी कुणाला सांगितलं नाही, जरा आखूडच होता.

सोमवारी जाळीवाला ड्रिल घेऊन वर गेला, चपला काढून नमस्कार करून खाली आला आणि देवाच्या भिंतीला भोक पाडणार नाही म्हणाला. मग चेअरमन वर गेले. त्यांच्या मागोमाग लग्न मोडलेल्या मुलीची आई हळदकुंकू घेऊन.

ताई वरच होती. चेअरमननी चित्राकडे बोट दाखवलं. "बाई, घुबड लक्ष्मीचं वाहन असतं?"

"पाचवीत सांगितलं होतं मी. तुझं लक्ष खिडकीबाहेर."

"मग आता?"

"लाव की जाळी. लक्ष्मीला पायी जायला सांगू."

जाळी परत गेली. घसा खरवडल्याचा आवाज शुभ ठरला. आजोबांचा पाय प्लास्टरमध्येच राहिला, पण त्याबद्दल कुणी बोलेना. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी शेवटचं पिल्लू डिश अँटेनावर बसलं, आमच्याकडे मान वाकडी करून बघत राहिलं आणि मग उडालं. ताईने डोळे पुसले. मग तिला कुठल्याशा कार्यक्रमात 'कला आणि वन्यजीव संवर्धन' या विषयावर बोलायला बोलावलं. तिथे तिने जलरंगातली चित्रं दाखवली.

झरोक्यात सध्या कबुतरं राहतात. त्यांना हाकलायची कुणाची हिंमत होत नाही.